यंदाची पानं फिकी आहेत

"यंदाची पानं फिकी आहेत," चारुतानं जाहीर केलं आणि खलबत्त्यातली आणखी एक मूठ सारणात ओतली.

ओट्याशी उभ्या असलेल्या अनिकानं खोकला दाबला आणि मागच्या दाराची काच सरकवली. सप्टेंबरातली सकाळ होती, अमेरिकेतल्या शॉमबर्गची हवा गार पडायला लागली होती. काच उघडी ठेवण्यासारखं काही नव्हतं. चारुतानं विचारलं, थंडी कशाला आत घेतेस? तर लेक म्हणाली, नथिंग, जस्ट थोडी हवा. आणि डोळे पुसत बाहेरच्या गवताकडे बघत राहिली.

गूळ-खोबरं कढईत रटरटत होतं. चारुता कढईवर वाकली आणि तिनं मनापासून श्वास ओढला. गरम लागलं, ओलं लागलं, आणखी काही नाही. पानंच फिकी, दुसरं काय. जुन्या मैत्रिणीनं, रेखानं, मेलबर्नहून पाठवलेलं हे या वर्षातलं तिसरं पाकीट, आणि तिन्ही तसलीच.

आता ही पानं कसली, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बाई मोदकात पालापाचोळा घालते. लेमन मर्टल हे ऑस्ट्रेलियातलं झाड. पान तमालपत्रासारखं लांबट. वास असा, की गवती चहा आणि लिंबाची साल एकत्र कुटून ठेवावी. चारुता आणि तिचा नवरा श्रीराम इकडे येण्याआधी बरीच वर्षं मेलबर्नला होते. श्रीराम मोठ्या कंपनीत इंजिनियर, आणि चारुता गावाबाहेरच्या एका नर्सरीत काउंटरवर पावत्या फाडायची. तिथे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक वयस्कर बाई कामाला होत्या. सगळे त्यांना आंटी जून म्हणत, आणि चारुतानं त्यांना मनातल्या मनात केव्हाच मावशी करून टाकलं होतं. त्या बाईंनी तिला झाडं दाखवली, पानं चुरगळून हुंगायला लावली, काय खायचं आणि कशाच्या वाटेला जायचं नाही ते शिकवलं. बाई एकच सांगायच्या: आधी नाक, मग जीभ.

चारुताला ते वेगळं शिकवायची गरजच नव्हती. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. लग्नाआधीपासून ती वासावर स्वयंपाक करत आलेली. मीठ पडलं की आमटीचा वास बदलतो, हे ती नव्या मुलींना सांगायची आणि त्या तोंडाकडे बघत राहायच्या. चमचे नाहीत, मापं नाहीत, कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. सगळं नाकावर.

अमेरिकेत आल्यावर ही तिची ओळखच झाली. डेव्हिडसन प्लम नावाचं एक आंबटढाण जांभळं फळ, त्याची पूड ती आमसुलाच्या जागी सारात घालायची. वॅटलसीड म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोतातलं बी, ते भाजून दळलं की कॉफीसारखा खमंग वास येतो, ते तिच्या शंकरपाळ्यांत आणि शिऱ्यात. मंडळातली पोरं चिडवायची, काकू आम्हाला बाभळीच्या बिया चारतात. पण मागून दुसऱ्यांदा घ्यायची. आणि लेमन मर्टलचा चहा तर असा, की हिवाळ्यात लोक बर्फ तुडवत तिच्याकडे यायचे. बारशाला, डोहाळजेवणाला, कुणी गेलं तरी तेराव्याला, चहा चारुताकाकूंचा. बाकी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय होतं? इकडे येऊन लायब्ररीत पार्टटाइम पुस्तकं लावली, एक मुलगी वाढवली, एका नवऱ्याची सेवा केली.

नवऱ्याचं मात्र सांगायला हवं. एके दिवशी श्रीराम चहाचा कप पुढे धरून म्हणाला होता, आज पानं घालायला विसरलीस वाटतं. चारुता फणकारली होती, की सगळं घर घमघमतंय आणि तुम्हाला चेष्टा सुचते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच म्हणाला, आणि मग म्हणायचा थांबला. काही वर्षांनी डावा हात थरथरायला लागला, कप बशीत वाजायला लागला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, वास येणं कधीपासून बंद झालं? दोघं एकमेकांकडे बघत राहिले होते. पार्किन्सन्स त्यांच्या घरात हाताच्या कितीतरी आधी नाकातून शिरला होता, आणि कुणालाच पत्ता नव्हता. पुढे पाय अडखळले, बोलणं पुटपुटण्यावर आलं, आणि शेवटच्या वर्षात तो तिला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा. ती ओ द्यायची.

म्हणून सांगते, पानं फिकी असणं चारुताला फार गरजेचं होतं. तिनं रेखाशी फोनवर तीनतीनदा भांडण काढलं. रेखा बिचारी शपथेवर सांगत होती, की अगं, त्याच दुकानातली आहेत, परवा मी केला तर शेजारीण विचारत आली. चारुतानं दुकान बदलायला लावलं. मग म्हणाली, टपालात उन्हं लागत असतील. मग म्हणाली, इकडच्या पाण्यातच काहीतरी घालतात. आणि एकीकडे चिमटीची मूठ झाली, एका मुठीच्या दोन झाल्या.

अनिका परवा रात्री सिअ‍ॅटलच्या विमानानं आली होती. तिथेच जवळ बेलव्ह्यूला राहायची ती, कामातून मान वर काढायला फुरसत नाही, गणपतीला घरी येऊन तिला युगं लोटली असतील. आली, तर आनंदच. पण आल्या आल्या तिनं छतावरच्या स्मोक अलार्मचं बटण दाबून पाहिलं. फ्रिजमधल्या दुधावरची तारीख वाचली. आणि काल संध्याकाळी म्हणाली, चल आई, वॉकला जाऊ, आणि चालताना मुद्दाम दोन पावलं मागे राहिली.

चारुताला ते कळलं. श्रीरामच्या वेळी डॉक्टरांनी त्याला कॉरिडॉरमध्ये असंच चालायला लावलं होतं, चालताना हात हलतो का ते बघायला. त्याचा डावा हात हलत नव्हता, अंगाला चिकटून राहिला होता. म्हणून काल चारुता रस्ताभर दोन्ही हात हलवत चालली, शाळेत झेंडावंदनाला चालावं तशी. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. तिला हसू आलं नाही, भीती वाटत होती.

मोदक झाले. चारुताचे मोदक बघावेत असे. कळ्या बारीक, दाट, एकीला एक लागून, आणि टोक जरासं उजवीकडे कललेलं. ते काही ती ठरवून करत नसे, हातालाच तसं वळण होतं. डबा भरताना अनिकानं एक मोदक हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. "नैवेद्याचं हुंगू नये गं," चारुता म्हणाली. "सॉरी," अनिका म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळाच आला.

विनीताकडे दीड दिवसाचा गणपती. चार सिग्नल पलीकडे घर, वीस वर्षांची मैत्री. श्रीरामच्या आजारपणात हॉस्पिटलच्या वाऱ्या विनीतानंच गाडी चालवून केलेल्या. बाकीचा स्वयंपाक विनीता करणार आणि मोदक चारुता आणणार, हे पहिल्या वर्षापासून ठरलेलं. दरवर्षी चारुता डबा घेऊन थेट देवापाशी जायची. आज विनीतानं दारातच डबा काढून घेतला. तू बस, दमली असशील, म्हणाली. मी दमायला काय डोंगर चढून आले, असं चारुता म्हणणार होती, पण विनीता तोवर आत गेली होती. आणि अनिका तिच्या मागोमाग.

आरती झाली. विनीताचा नवरा अतुल दरवर्षीसारखा शेवटच्या कडव्यात अडखळला. नैवेद्याचं ताट देवापुढे आलं, पाणी फिरवलं, सगळे क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. चारुतानं डोळे उघडले तेव्हा ताटातला मोदक तिचाच होता, बारीक कळ्यांचा. तिला बरं वाटलं.

मग पानं वाढली. पंधरावीस माणसं, कुणी टेबलाशी, कुणी सोफ्यावर, मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर. चारुताच्या पानात मोदक पडला, वर तुपाची धार पडली, आणि ती फोडायला म्हणून वाकली. वाकली आणि तशीच थांबली.

या मोदकाच्या कळ्या जाड होत्या. मोजक्या, दूर दूर, टोक सरळ उभं. एरवी कधी मोदक केले, तर उकड फाटेल या धास्तीनं विनीता तेवढ्याच काढते. किती वर्षं चारुता तिला त्यावरून चिडवत आली होती, की तुझे मोदक म्हणजे लसणीचे गड्डे. तिनं शेजारच्या पानात पाहिलं. तोही जाड कळ्यांचा. पलीकडे सोफ्यावर, जिन्यावर, अतुलच्या पानात, सगळीकडे विनीताचे मोदक. तिचा एकही नाही.

"मोदक फारच छान झालेत हं काकू," कुणीतरी म्हणालं. लगेच दुसरंही कुणी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. पंधरावीस माणसं ठरवून एक खोटं बोलत होती, आणि एकाचाही आवाज चढला नव्हता की कुणी हसलं नव्हतं. 

तिनं तो मोदक खाल्ला. गोड लागला, मऊ लागला. "हो, जमलेत खरे," ती म्हणाली.

पान उचलायच्या निमित्तानं ती उठली आणि स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये गेली. विनीताचा दुसरा फ्रिज तिथे असतो. ज्याला घरात जागा नाही ते सगळं त्यात जातं. तिनं दार उघडलं. वरच्या कप्प्यात तिचा डबा होता, झाकण प्लॅस्टिकनं घट्ट गुंडाळलेलं, वर आणखी एक पिशवी. त्यामागे काचेची बरणी, पाडव्याला दिलेला डेव्हिडसन प्लमचा साखरांबा, वरून एकच चमचा काढलेला. त्याच्या मागे दिवाळीच्या शंकरपाळ्यांची पिशवी. तिच्या चहाची पुडकी, एकावर एक, दोऱ्याची गाठही न सुटलेली. विनीताला अन्न टाकवत नाही, हे चारुताला माहीत होतं. ते टाकलं नव्हतं आणि खाल्लंही नव्हतं.

मागे दार वाजलं. विनीता पदराला हात पुसत उभी होती.

"कधीपासून?" चारुतानं विचारलं.

"दिवाळीपासून. शंकरपाळ्यांतलं वॅटलसीड जळलेलं होतं, चारू. सगळं घर धुरानं भरलं असेल तुझं, आणि तू खमंग झालेत म्हणून सांगत होतीस. मग चहा. घोट घेतला की फरशी पुसायच्या औषधाची चव. आधी वाटलं, एकदा चुकलं असेल."

"आणि एका शब्दानं सांगितलं नाहीस."

"काय सांगू? त्या डॉक्टरच्या खोलीत मी पण होते ना. वास कधीपासून येत नाही, हे त्यानं विचारलं तेव्हा मी तुमच्या मागच्या खुर्चीत होते." विनीताचे डोळे भरले. "मी बोलले असते तर ते खरं झालं असतं. म्हणून लोकांना सांगितलं, काही बोलू नका. चहा कुंडीत ओता, मोदक मी करते."

चारुताला राग आला. असा आला की डबा उचलून जमिनीवर आपटावा. वर्षभर ही सगळी माणसं हसून कप घेत होती आणि तिची पाठ वळली की कुंडीत ओतत होती. आणि लगेच तिला दिसलं, की विनीता पहाटे उठून, एकटी, एवढ्या सगळ्यांचे मोदक करत बसली असणार, ज्या बाईला मोदकांचा मनस्वी कंटाळा. तो राग कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

"देवाला मात्र माझाच दाखवलास," ती म्हणाली.

"देवाचे कसे बदलू?" विनीता म्हणाली. "तो प्रसाद अतुलनं खाल्ला. पाणी आलं डोळ्यांतून, पण खाल्ला सगळा."

त्यावर दोघींना हसू फुटायला हवं होतं. एरवी फुटलंही असतं. फ्रिजचं दार उघडंच होतं, थंडी पायांवर येत होती. मग चारुतानं विचारलं, अनिकाला तू बोलावलंस? विनीतानं मान हलवून हो म्हटलं. एवढं एक चारुताला आधीच ठाऊक होतं.

घरी जाताना गाडी अनिकानं चालवली. सगळे सिग्नल लाल लागले. तिसऱ्या सिग्नलला अनिकानं समोर बघतच सांगितलं, की तिनं गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय, न्यूरॉलॉजिस्टची, मुश्किलीनं मिळाली. मग घाईघाईनं बोलत सुटली, की इट कुड बी एनिथिंग, कोविडनंतर कितीतरी लोकांचं असं झालंय, सायनस असू शकतं, वय असू शकतं, बाबांचं होतं म्हणून तुझं असायलाच पाहिजे असं काही नाही. सगळं खरं होतं. चारुतानं तेच सगळं स्वतःला वर्षभर समजावलं होतं, याच क्रमानं.

"तू कुणालाच सांगितलं नाहीस, आई?"

"मी मलाच सांगितलं नव्हतं गं. तुला कुठून सांगणार?"

हिरवा लागला तरी अनिका थांबलेलीच होती. मागच्यानं हॉर्न दिला, तेव्हा तिनं गाडी काढली. 

संध्याकाळ झाली होती, पण अजून उजेड होता. चारुतानं साडी बदलली, तोंडावर पाणी मारलं, आणि रोजच्यासारखी स्वयंपाकघरात आली. अनिका टेबलाशी फोन घेऊन बसली होती, आई आली तशी तिनं तो पालथा ठेवला. काय वाचत होती ते विचारायची गरज नव्हती. त्या आजाराची पानंच्या पानं चारुतानंही एके काळी वाचली होती, कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी येते ते तिला तोंडपाठ होतं.

"चहा घेशील?" तिनं विचारलं.

अनिका गोंधळली. सवयीनं हो म्हणावं की नाही म्हणावं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वर्षभर सगळ्यांच्या तोंडावर हेच दिसत असणार, आणि आपण ते ओळखलं नाही, असं चारुताच्या मनात आलं.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "पानं मी टाकते. वास तू घे. पुरे झालं की पुरे म्हण."

पाणी उकळायला लागलं. अनिका उठून शेजारी येऊन उभी राहिली, लहानपणी पुरी फुगताना बघायला यायची तेवढी जवळ. चारुतानं मुठीत पानं घेतली, मूठ भांड्यावर धरली आणि अंगठ्यानं एक पान खाली सोडलं. ते पाण्यात पडलं, फिरलं, हिरवं झालं. तिच्यापुरती नुसती वाफ वर आली.

"पुरे, आई," अनिका म्हणाली.

एकाच पानाला. चारुतानं विचारायला म्हणून वर पाहिलं, खरंच एवढंच का, वास येतोय का तुला. पण अनिका भांड्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या हाताकडे बघत होती, पापणी न हलवता, श्वास धरून.

पानं मुठीत होती, हात वाफेवर लांब धरलेला होता. तो हलतोय की नाही, हे चारुताला स्वतःला सांगता येईना. वाफेपलीकडे सगळंच थोडं हलल्यासारखं दिसतं. हात मागे घ्यावा, पदराआड न्यावा, असं तिला फार वाटलं. पण तिनं तो घेतला नाही. पोरीला नीट दिसावा म्हणून तिनं डाव्या हातानं गॅस बारीक केला आणि उजवा तसाच धरून ठेवला.